हिरव्या रेषेखाली ५८९३

सर, काल दुपारी मी अडतीस रेकॉर्ड वह्या तपासल्या आणि अडतीसच्या अडतीस वह्यांत एकच आकडा होता. ५८९३. सोडियमच्या पिवळ्या उजेडाची तरंगलांबी, अँगस्ट्रॉममध्ये. एकाचाही ५८८० नाही, एकाचाही ५९०५ नाही. निदान एखाद्याने नजरचुकीने तरी वेगळं लिहावं म्हणून मी पानं उलटत राहिले, आणि विसाव्या वहीनंतर मला खरोखरच मळमळायला लागलं. बोलायची पद्धत म्हणून लिहीत नाही हे. मी उठले, बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत येऊन बसले आणि उरलेल्या अठरा वह्यांवर बरोबरच्या खुणा करून सह्या ठोकल्या. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली. तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती, एग्मोर स्टेशनच्या फलाटावर ती अगदी जिभेवर आली होती आणि मी गिळून टाकली. ती सांगायची म्हणून हे लिहायला घेतलंय. पण एकदम सांगायला जड जातंय, तेव्हा थोडं मागून येऊ द्या.

त्या वर्षांत चेन्नईबाहेर तांबरमच्या पुढे दर सहा महिन्यांनी एक इंजिनिअरिंग कॉलेज उगवत होतं. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, मध्येच एक गुलाबी चार मजली इमारत, पुढे कमान आणि कमानीवर संस्थापकांच्या आईचा हार घातलेला फोटो. नवऱ्याला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी मिरजेहून चेन्नईला आले. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं, पण फिजिक्सची एम.एस्सी. होती आणि इंग्रजी बोलता येत होतं, तेवढ्यावर तशाच एका गुलाबी इमारतीत मला लेक्चरर म्हणून घेतलं. प्रयोगशाळेकडे पाठवताना प्रिन्सिपल म्हणाले, तिथले सर सरकारी कॉलेजातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेत, जुन्या वळणाचे आहेत, जरा सांभाळून घ्या. मी दार ढकललं तर तुम्ही स्टुलावर बसून स्पेक्ट्रोमीटरचे स्क्रू पुसत होतात. पांढरा हाफ शर्ट, कपाळावर बारीक गंध, खिशाला तीन पेनं. माझं आडनाव ऐकलंत आणि हातातलं फडकं खाली ठेवलंत.

"मराठी काय? मग येथें बैस. मीही मराठीच. तंजावरचा."

तुमचं मराठी ऐकून मला हसू फुटायच्या बेतात होतं. शब्द आपलेच, पण पणजोबांच्या कागदपत्रांतून उठून आल्यासारखे, आणि बोलण्याची चाल पुरी तमिळ. सगळं म्हणायचं तर तुम्ही 'अस्कें' म्हणायचात. पुरे म्हणायचं तर सरळ तमिळमध्ये 'पोदुम'. तुमच्या माणसांनी ती भाषा इतक्या पिढ्या परक्या मुलखात घराघरांत सांभाळली, आणि मी मिरजेची शहाणी मनातल्या मनात खिदळत होते. त्याचीही लाज वाटते, पण आज लाजांची रांग मोठी आहे, तिचा नंबर बराच मागे लागेल.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझी परीक्षा घेतलीत. "मज प्रमाणपत्रें नकोत. पिवळा दिवा आहे, ग्रेटिंग आहे. एक रीडिंग घेऊन दाखीव. दोन तास." एवढं बोलून तुम्ही डबा घेऊन जेवायला गेलात. मी काळ्या पडद्यांच्या त्या खोलीत एकटी. सोडियमचा दिवा आधी गुलाबी लागतो, मग दहाएक मिनिटांत पिवळा होत जातो, आणि त्या पिवळ्यात माणसाचे ओठसुद्धा काळे दिसतात. समोर ग्रेटिंग, म्हणजे काचेचा एक तुकडा, त्यावर इंचाला पंधरा हजार रेघा. उजेड त्या रेघांमधून जाताना वळतो आणि बाजूला, ठरलेल्या कोनावर, पिवळी रेष होऊन उमटतो. स्पेक्ट्रोमीटरची दुर्बीण फिरवून तो कोन मोजायचा आणि कोनावरून लाटेची लांबी काढायची. एवढाच प्रयोग. दोन तासांनी तुम्ही आलात, मी वही पुढे केली. कोन वीस अंश अठ्ठावीस मिनिटं, तरंगलांबी ५९२१.

तुम्ही पान वरपासून खालपर्यंत वाचलंत. मग म्हणालात, "चुकलेंय. पण तुझें चुकलेंय, दुसऱ्याचें नव्हे." तांबड्या पेनाने खाली लिहिलंत, 'डोळ्यांनीं पाहिलेलें. मान्य.' आणि सही. मग खणातून चामडी पाकिटातलं एक भिंग काढून माझ्या हातात दिलंत. व्हर्नियरच्या, म्हणजे कोन वाचायच्या पट्टीच्या, रेघा बारीक असतात, तरुणपणीच डोळे राख, म्हणालात. ते भिंग तुमच्या गुरूंनी तुम्हाला दिलेलं होतं हे मला कितीतरी नंतर कळलं. त्या दिवशी फक्त पाकिटाला चंदनाचा वास येतोय एवढंच कळलं.

चहा पिताना तुम्ही मला सगळं समजावून दिलंत. या लॅबमध्ये, आणि तुमच्या मते कन्याकुमारीपर्यंतच्या सगळ्या लॅबमध्ये, मुलं प्रयोग उलटा करतात. आधी उत्तर लिहायचं, ५८९३. त्यावरून कॅल्क्युलेटरवर कोन काढायचा. कोनावरून डावं रीडिंग, उजवं रीडिंग भरायचं. दुर्बिणीला डोळा लावायची गरजच नाही. "अस्के आधीं ढेकर देतात आणि मग पान मांडतात," असं तुम्ही म्हणालात आणि मी मोठ्याने हसले. तुमच्याकडे म्हणूनच पेन्सिल आणि खोडरबरला बंदी होती. रीडिंग पेनाने. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं दिसू दे. ५८९३ लिहिलेली वही दिसली की तुम्ही ती न बोलता मिटून परत द्यायचात. मुलं तुम्हाला पाठीमागे काय म्हणायची ते मला ठाऊक आहे. मीही कधीतरी त्यात हसून री ओढलीय.

तुमच्या स्वयंपाकघराची मला अजून आठवण येते. पश्चिम तांबरमचं ते बैठं घर, गॅसशेजारची खिडकी, आणि पारव्यांना हाकलायला तुम्ही खिडकीत दोऱ्याने टांगलेली सीडी. कुठल्यातरी कॉम्प्युटर मासिकाबरोबर फुकट आलेली. सकाळचं ऊन तिच्यावर पडतंय, भिंतीवर रंगांचे पट्टे फिरतायत, आणि काकू कढईतलं परततायत आणि ओरडतायत, "ती चकती काढा हो! भिंत नाचूं लागली कीं माझें डोकें फिरतें." तुम्ही मात्र फूटपट्टी घेऊन भिंतीवर पेनाने खुणा करताय. सीडीवरच्या दोन रेघांमधलं अंतर तुम्ही त्या खुणांवरून काढलंत, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, आणि ते कंपनीने छापलेल्या आकड्याच्या जवळ आलं तेव्हा लहान मुलासारखे काकूंना दाखवायला गेलात. काकूंनी फिल्टर कॉफीचा पेला तुमच्या त्याच पानावर ठेवला. "उजेडांत उजेड मिळवला तर कधीं काळोख होतो, ठाऊक आहे?" तुम्ही मला विचारलंत. एम.एस्सी. होते मी, ठाऊक होतंच. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला की दोन्ही मिटतात. पण तुम्ही भिंतीवरच्या पट्ट्यांमधल्या अंधारावर बोट ठेवलंत, तेव्हा पहिल्यांदा मी ते पाहिलं. तोवर नुसतं पाठ केलं होतं.

त्याच सकाळी तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे ओढून सांगितलंत, उजेड पाण्यात शिरला की धीमा होतो, त्याची लाट आखूड होते. "पण ठेका तोच. जेथून निघाला तेथला ठेका तो सोडीत नाहीं. म्हणून पिवळा पाण्यांतही पिवळाच." हे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक वर्गाला सांगितलंय, माझंच असल्यासारखं.

आणि कोवलमची सहल. केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं कोवलम. तुम्ही हट्टाने मुलांना बसमध्ये घालून तिथल्या कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर नेलंत. लाटा पुस्तकात कशाला बघायच्या, म्हणालात. निम्मी मुलं तळलेले मासे घ्यायला पळाली, उरलेली नव्या कॅमेऱ्याच्या मोबाइलवर एकमेकांचे फोटो काढत बसली. तुम्ही धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन दोन मोठ्या दगडांजवळ उभे. दगडांच्या फटीतून आलेली लाट सरळ न जाता दोन्हीकडे पसरत होती. कुणी पाहत नव्हतं. मग एक मुलगी पुढे आली. काळीसावळी, केसांत कनकांबराचा, आपल्या अबोलीचा, गजरा, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, बापाची बोट समोरच ओढून ठेवलेली.

"सार, आम्ही बोटी दगडांच्या आड बांधतो तरी त्या हलतात," ती म्हणाली. "लाट वळून येते."

तुमचा चेहरा असा उजळला की मला हेवा वाटला. "हेंच! उजेडही असाच वळतो. त्याची लाट फार आखूड, म्हणून वळणें दिसत नाहीं. फट बारीक केली कीं दिसतें." परतीच्या बसमध्ये तुम्ही तिला शेजारी बसवून ग्रेटिंग म्हणजे पंधरा हजार फटी हे समजावत होतात, आणि मी मागच्या सीटवर बसून ऐकत होते.

आता त्या मॉडेल प्रॅक्टिकलकडे येते. विद्यापीठाच्या परीक्षेआधीची रंगीत तालीम, पण तिचे गुण इंटर्नलमध्ये धरायचे. त्या आठवड्यात सोडियमचा दिवा गेला होता आणि नव्याची मागणी ऑफिसात अडकली होती. तुम्ही पाऱ्याचा दिवा लावलात. त्यातून जांभळी, निळी, हिरवी आणि दोन पिवळ्या रेषा येतात. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंत, हिरव्या रेषेची तरंगलांबी काढा. इंग्रजीत वाचून दाखवलंत, तमिळमध्ये सांगितलंत. तुम्ही मुलांसाठी सापळा लावला असं नंतर म्हटलं गेलं, ते साफ खोटं आहे. मी तिथे होते. दिवा बदललाय हे तुम्ही दोनदा सांगितलं होतं.

तीस मुलं होती. एकोणतीस जणांनी ५८९३ लिहिलं.

सर, आज वीस वर्षांनीही मला हे लिहिताना शिसारी येते. हिरवी रेष डोळ्यांसमोर, इतकी हिरवी की खोलीतल्या भिंतीही हिरवट झालेल्या, आणि खाली मान घालून एकोणतीस मुलं पिवळ्याचा आकडा लिहितायत. पिवळ्याचे कोनही दीड अंश चढवून, नीट ओळीने भरलेले. तुम्ही पहिल्याच मुलाला विचारलंत, समोर कोणता रंग आहे?

"ग्रीन, सार."

"आणि हा आकडा कोणत्या रंगाचा?"

तो गोंधळला. "आन्सर आहे, सार."

"कशाचें आन्सर?"

"एक्सपेरिमेंटचं, सार. सीनियर्सच्या रेकॉर्डमध्ये हेच आहे."

त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं की म्हातारा चिडलाय कशावर. तिसावी वही कोवलमच्या मुलीची होती. कोन अठरा अंश छप्पन मिनिटं, तरंगलांबी ५४९४. खरी ५४६१. दोन ठिकाणी आडव्या रेघा, खालचं दिसणारं. तिने पाहिलं होतं. तुम्ही तिला वीसपैकी अठरा दिलेत, बाकीच्यांना शून्य. "पोदुम," म्हणालात आणि वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवलात.

डबा खाताना आधी आपण दोघंही हसलो. हिरव्या दिव्याखाली पिवळा आकडा, विनोदच होता तो. मग तुमचा घास हातातच राहिला. "मज किळस आलीय, बाळे," तुम्ही म्हणालात. "रागाचें कांहीं नाहीं, राग उतरतो. ह्यांच्या डोळ्यांपुढें हिरवें होतें." डबा तसाच झाकून ठेवलात. मी माझा पूर्ण खाल्ला.

दुसऱ्या दिवशी आपल्या दोघांना करस्पाँडंटच्या केबिनमध्ये बोलावणं. इकडे कॉलेजच्या मालकाला करस्पाँडंट म्हणतात, याची मला सवय व्हायला वेळ लागला. एसी इतका गार की हात पदराखाली घ्यावे लागले. ते ओरडले नाहीत. शंभर टक्के निकालाचा फलक कमानीवर लावायचा ठरलाय, एवढंच सांगितलं. तुम्ही म्हणालात, हीच मुलं उद्या पूल बांधतील. ते हसले. "सार, कुणी पूल बांधणार नाही. सगळे सॉफ्टवेअरला जाणार." तुम्ही उठून उभे राहिलात, नमस्कार केलात आणि निघून गेलात. मी बसूनच राहिले. कारण मला उठायला सांगितलं नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं.

गुणपत्रिकेला दोन सह्या लागत, तुमची आणि माझी. आता एकच पुरेल, असं ठरलं. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, नवीन यादी करून द्या. सरांचं वय झालंय." आणि दारापर्यंत पोचवताना, तुमचे मिस्टर कुठल्या कारखान्यात म्हणालात, अशी सहज चौकशी. धमकी म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं. मी शेपूट घातलं. दुपारी स्टाफरूममध्ये बसून नवीन यादी केली. एकोणतीस मुलांना सतरा-अठरा. आणि कोवलमच्या मुलीला बारा. तिला बारा कुणी सांगितले होते? कुणीही नाही. मापायची पट्टीच ५८९३ धरली की तिचा आकडा जवळजवळ सात टक्के लांब पडत होता, आणि बाकीच्यांचा तंतोतंत. तिला अठरा ठेवले असते तर कुणीतरी विचारलं असतं, मग या एकोणतिसांना कसे? म्हणून यादी एकसारखी दिसावी एवढ्यासाठी मी त्या तिसांतल्या एकमेव खऱ्या वहीचे सहा गुण कापले. हे मी कॅल्क्युलेटर लावून, शांत डोक्याने केलं. त्या बोटांचा मला अजून तिटकारा येतो, आणि तीच बोटं आज हे लिहितायत.

यादी फलकावर लागली तेव्हा तुम्ही चष्मा वर करून ती पूर्ण वाचलीत. मी व्हरांड्याच्या टोकाला उभी. तुम्ही जवळ आलात. मला वाटलं आता बोलाल, आणि मनातून मी त्याची वाटच पाहत होते. "त्या पोरीचा आकडा तरी राखायचा होतास, बाळे." एवढंच. बाळे म्हणायचं सोडलं नाहीत. महिन्याच्या शेवटी नोटीस आली की सर प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होत आहेत. त्या दिवशीही तुम्ही स्क्रू पुसून ठेवून गेलात. ती मुलगी पुढे माझ्याशी नीट, अदबीने बोलत राहिली. तिने पुढच्या वर्षी रेकॉर्डमध्ये ५८९३ लिहिलं. मी बरोबरची खूण केली.

तुम्ही आणि काकू तंजावरला परत निघालात, तेव्हा मी एग्मोरला आले. कॉलेजातून आलेली मी एकटीच. काकू बोचकी मोजत होत्या, तुमच्या शर्टाच्या खिशातून सीडीची कड डोकावत होती आणि काकू म्हणत होत्या, कचऱ्यांत टाकिली होती मी, पुन्हा उचलून आणिली ह्यांनीं. मी क्षमा मागायला आले होते. यादीचं तोंडातून निघालंही. तुम्ही हात हलवलात.

"तें विसर. भीतीनें माणूस सही करतो. पण पहिल्या दिवशीं जिनें ५९२१ लिहिलें, ती मुळांत खोटी नव्हे. तें पान मी पाहिलेंय. मी अस्क्यांना तुझेंच उदाहरण सांगतों."

आता सांगते, सर. त्या दिवशी मी दुर्बिणीतून काहीच पाहिलं नव्हतं. तुम्ही जेवायला गेलात आणि मी त्या यंत्रासमोर उभी राहिले, तर मला ते लावताच येईना. डावीकडची रेष दिसली तर उजवीकडची सापडेना. मिरजेतल्या कॉलेजात आम्हीही ढेकरच दिले होते, पाच वर्षं, पहिल्या वर्गात पास होऊन. घामाने हात ओले. तेवढ्यात लॅबच्या अटेंडर अक्का आत आल्या, तुमच्याच वयाच्या, केस पांढरे. माझी दशा पाहून त्यांना दया आली असावी. वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "फाइव्ह एट नाइन थ्री, नो नो. सार हाकलून देतात. डिफरंट, डिफरंट." मग मी ५८९३ मध्ये अठ्ठावीस मिळवले. फार नको, थोडंही नको, माणसाच्या हातून होईल एवढीच चूक. कॅल्क्युलेटरवरून कोन काढला, वीस अंश अठ्ठावीस मिनिटं. डावं रीडिंग भरलं, उजवं त्याहून एका मिनिटाने वेगळं भरलं, म्हणजे जास्त खरं वाटेल. एके ठिकाणी मुद्दाम खोटा आकडा लिहून त्यावर आडवी रेघही मारली. ती एकोणतीस मुलं बिचारी उत्तर चोरत होती. मी चूक चोरली. आणि त्यावर तुम्ही तांबड्या पेनाने 'डोळ्यांनीं पाहिलेलें' लिहिलंत आणि तुमच्या गुरूंचं भिंग मला दिलंत.

फलाटावर हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. गाडी सुटायला दहा होती. मी काकूंची पिशवी खिडकीतून आत दिली आणि मूग गिळून उभी राहिले. तुम्ही तंजावरला जाऊन जगाला माझं उदाहरण सांगत होतात, आणि पोंगलच्या, आपल्या संक्रांतीच्या, आत देवाघरी गेलात. अटेंडर अक्कांनी मला सांगितलं आणि माझ्याकडे थोडं जास्त वेळ पाहिलं. त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं होतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हाही नाही. काकूंना मी पत्रही लिहिलं नाही.

आता या विभागाची प्रमुख मी आहे. ज्या खुर्चीवर बसून अडतीस वह्यांवर सह्या केल्या ती तुमचीच. रीडिंग घ्यायला मी तुमच्याकडूनच शिकले, पहिल्या दिवसानंतर, हळूहळू, न विचारता, तुमच्या हातांकडे पाहून. हजारो वेळा घेतलंय. पण तुम्ही सही केलेल्या त्या वहीत पुढे मी कधी काही लिहिलं नव्हतं. काल सह्या संपल्या, मुलं बसला गेली, आणि मी कपाटातून ती वही आणि भिंग काढलं. पाकिटाचा चंदनाचा वास गेलाय. पडदे ओढले, दिवा लावला, गुलाबीचा पिवळा होईपर्यंत थांबले. यंत्र समतल केलं. डावीकडची रेष, उजवीकडची रेष, भिंगाखाली व्हर्नियर. दोन्हींमधलं अंतर चाळीस अंश चव्वेचाळीस मिनिटं. अर्धे वीस अंश बावीस.

मला आकडेमोड करायच्या आधीच कळलं होतं, पण केली. ५८९३.

मी पुन्हा सगळं मोडलं, पुन्हा लावलं, तीनदा घेतलं. एक मिनिट तरी इकडेतिकडे व्हावं म्हणून डोळा चोळून पाहिलं. हललं नाही. आयुष्यात एकदा तुम्हाला दाखवण्यासारखं खरं रीडिंग घेतलं, आणि ते त्या अडतीस वह्यांत मिसळलं तर तुम्हालाही ओळखता आलं नसतं. तुम्ही न बोलता वही मिटून परत दिली असतीत, आणि मला बोलायला तोंड नसतं. हात तर आपोआप ५९०७ लिहायला निघाला होता.

शेवटी तुमच्या सहीसमोरच्या पानावर मी जे दिसलं तेच लिहिलं, तिन्ही वेळचं, कोनांसकट. हे पत्रही घडी घालून त्याच पानात ठेवतेय. फक्त एक सांगायचं राहिलं. टेबलावर पेन होतं, सर. मी पेन्सिलीने लिहिलंय.